ऑनलाइन पदवीचं पहिलं सत्र: सुरू होण्याआधी काय उरकून घ्यावं

प्रश्न असा आहे: ऑनलाइन पदवीला पहिल्यांदाच प्रवेश घेतलाय, सत्र महिन्याभरात सुरू होतंय, सोबत पूर्णवेळ नोकरी आहे. लॅपटॉप घेऊन झाला, आता आणखी काय तयारी करायची?

लॅपटॉप हा तयारीतला सगळ्यात सोपा भाग होता. पहिल्या सत्रात विषय डोक्यावरून गेला म्हणून अडकणारे त्या मानाने कमी. जास्त जण अडकतात ते तासांचा हिशेब चुकल्यामुळे, किंवा लिहून तयार असलेलं काम पोर्टलवर वेळेत आणि नीट न पोचल्यामुळे. वर्गात बसून शिकताना वेळापत्रक कॉलेज लावून देतं आणि उद्या काय द्यायचंय हे शेजारी बसलेला सांगतो. इथे ही दोन्ही कामं तुमच्याच गळ्यात पडतात. म्हणून पुढचा महिना पुस्तकं आधीच वाचून काढण्यात घालवू नका, ही दोन कामं मार्गी लावण्यात घालवा.

तासांचा हिशेब

विषय निवडताना लोक नाव बघतात, क्रेडिट बघत नाहीत. क्रेडिट म्हणजे तास, आणि ते मोजायची पद्धत ठिकाणागणिक बदलते. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटला आठवड्याला साधारण एक तास शिकवण्याचा आणि दोन तास स्वतःच्या अभ्यासाचे धरतात. म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात एक क्रेडिट म्हणजे जवळपास ४५ तास, आणि तीन क्रेडिटचा विषय १३५ तासांचा. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एका क्रेडिटला एकूण २५ ते ३० तास धरतात. तुमच्या संस्थेची व्याख्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत असते, ती आधी शोधा.

आता मुद्दा सत्राच्या लांबीचा. तोच १३५ तासांचा विषय १५ आठवड्यांत आठवड्याला ९ तास मागतो, आणि ८ आठवड्यांच्या छोट्या सत्रात जवळपास १७ तास. छोटं सत्र 'लवकर संपतं' म्हणून आकर्षक वाटतं, पण काम तेवढंच असतं, ते फक्त दाबून बसवलेलं असतं. तिथे एक आठवडा तापाने गेला, तर सत्राचा आठवा हिस्सा गेला.

तुमच्या बाजूचा हिशेब कागदावर मांडा. आठवड्याचे १६८ तास. त्यातून झोपेचे ५६ आणि नोकरी व येण्याजाण्याचे ५० वजा करा. जेवणखाण, घरकाम, आजारपण, पाहुणे, बँकेची कामं यांचे ३० तरी धराच. उरले ३२. हे सगळे अभ्यासाचे नाहीत. पाऊण तासाचे तुकडे, दमलेली संध्याकाळ, मध्येच येणारे फोन यांत अर्धे विरघळतात. हाती लागतात १५-१६ तास. ९ तासांचे दोन विषय घेतले तर १८ होतात, म्हणजे दोनातच ताण आला. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने पहिल्या सत्रात दोनपेक्षा जास्त विषय घेऊ नयेत, आणि सत्र आठ आठवड्यांचं असेल तर एका वेळी एकच, असं माझं स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जाला किमान क्रेडिटची अट असेल तर मात्र विषय कमी करण्याआधी त्या कार्यालयाला विचारा.

हे तास कॅलेंडरवर दीड-दीड तासाच्या तुकड्यांत मांडा. सगळे तुकडे सारख्या ताकदीचे नसतात. रात्री कामावरून आल्यावर व्हिडिओ बघता येतो, पण निबंधाचा कच्चा खर्डा उतरत नाही; लिखाण आणि गणितं सुट्टीच्या सकाळी ठेवा. एक दीड तासाचा तुकडा मुद्दाम रिकामा सोडा, कारण दर आठवड्याला काहीतरी निसटतंच. घरच्यांना 'मी अभ्यास करणार आहे' असं मोघम सांगून उपयोग होत नाही. कोणता वार, किती ते किती, त्या वेळात मुलांकडे कोण बघणार, हे ठरवून तो कागद सगळ्यांना दिसेल असा लावा.

सिलॅबस हातात आला की

विषयाचं पान बहुतेक ठिकाणी सत्राच्या काही दिवस आधी उघडतं. सिलॅबस उघडल्यावर आपण धड्यांची यादी बघतो. ती नंतर बघा. आधी गुणांची विभागणी, उशिरा दिलेल्या कामाचा नियम, थेट वर्गाला हजर राहणं सक्तीचं आहे का, परीक्षा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली आहे का, गटाने करायचं काम आहे का आणि कोणतं सॉफ्टवेअर लागणार, एवढं वाचा. एआय वापरण्याचा नियमही तिथेच असतो. तो संस्थेपेक्षा विषयागणिक वेगळा असतो. एका शिक्षकाला व्याकरण सुधारून घेतलेलं चालतं, दुसऱ्याला तेही चालत नाही. स्वतः लिहिलेल्या कामावर शंका घेतली गेली तर पुरावा हवा म्हणून गूगल डॉक्स किंवा वर्डमध्ये आवृत्त्यांचा इतिहास चालू ठेवून लिहा. दुसरीकडे लिहून शेवटी एकदम चिकटवलं की तो इतिहास राहत नाही.

गुणांची विभागणी कशी वाचायची ते एका नमुन्यावर बघू. समजा क्विझ २० टक्के, दर आठवड्याची लेखी चर्चा १५, दोन असाइनमेंट मिळून ३० आणि शेवटचा प्रकल्प ३५. बघणाऱ्याचं लक्ष ३५ वर जातं आणि चर्चा किरकोळ वाटते. पण सत्रात चर्चा १२ असतील तर प्रत्येकीला सव्वा टक्का. चार चुकल्या की ५ टक्के गेले, आणि अनेक ठिकाणी तेवढ्यात श्रेणी एका पायरीने खाली येते. शिवाय चर्चा संपल्यावर ती उशिरा देण्यात अर्थच उरत नाही, उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. प्रकल्पाला एखाद्या वेळी मुदतवाढ मिळू शकते, चर्चेला सहसा नाही. त्यातही एक ठरलेली खोच असते: मूळ पोस्ट आठवड्याच्या मध्यावर आणि दोघांना उत्तरं आठवड्याअखेर. सगळं रविवारी करणाऱ्याचे निम्मे गुण आधीच गेलेले असतात.

सगळ्या विषयांच्या सगळ्या तारखा एकाच बैठकीत एकाच कॅलेंडरवर उतरवा. दोन-तीन तास लागतात, पण सत्रभर पुरतात. पोर्टलचं कॅलेंडर गूगल कॅलेंडरला जोडता येतं. तरीही हाताने उतरवा, कारण पोर्टलवर न चढवलेल्या पण सिलॅबसमध्ये छापलेल्या तारखा तेव्हाच सापडतात. दोन्हीकडे तारखा वेगळ्या दिसल्या तर अंदाज बांधू नका, पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना लेखी विचारा.

डेडलाइनच्या वेळेत दोन फसगती असतात. 'रविवारी रात्री १२' म्हणजे शनिवारची मध्यरात्र की रविवारची? पोर्टलवर ००:०० असेल तर तो दिवस तिथे सुरू होतो. २३:५९ असेल तर तिथे संपतो. दुसरी फसगत टाइम झोनची. संस्था दुसऱ्या देशात असेल तर पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये तुमचा टाइम झोन काय धरलाय ते बघा, कारण अनेक पोर्टल त्या सेटिंगप्रमाणे वेळ बदलून दाखवतात, तर सिलॅबसच्या पीडीएफमध्ये संस्थेचीच वेळ छापलेली असते. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तुमच्याकडे घड्याळ बदलत नसेल, किंवा वेगळ्या तारखेला बदलत असेल, तर थेट वर्ग आणि डेडलाइन त्या तारखेपासून एका तासाने सरकतात. कॅलेंडरमध्ये नोंद करताना ती संस्थेच्या टाइम झोनमध्ये केली की हा घोळ कॅलेंडरच निस्तरतं.

मोठ्या कामाची फक्त शेवटची तारीख लिहिणं पुरत नाही. २,००० शब्दांच्या निबंधासाठी मागे मोजत या: १४ दिवस आधी विषय पक्का, ११ दिवस आधी संदर्भ जमलेले, ९ दिवस आधी आराखडा, ५ दिवस आधी पूर्ण खर्डा, ३ दिवस आधी दुरुस्ती, २ दिवस आधी संदर्भसूची, आणि एक दिवस आधी अपलोड. आराखडा आणि खर्डा यांच्यामधले चार दिवस जास्त वाटतील, पण एक तरी संदर्भ कुचकामी निघतो आणि नवा शोधावा लागतो, ते याच टप्प्यावर कळतं.

खाती, यंत्र आणि नेट

कॉलेजचा ईमेल मिळाला की त्याच दिवशी तो फोनमध्ये वेगळं खातं म्हणून जोडा. सगळी मेल खासगी पत्त्यावर आपोआप पाठवायची सोय करू नका. काही मेल स्पॅममध्ये जातात, आणि तुमचं उत्तर खासगी पत्त्यावरून गेलं की गुणांबद्दल बोलायला अनेक संस्था नकार देतात. लॉगिनला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी असेल तर तिचे बॅकअप कोड छापून ठेवा. फोन बदलला किंवा हरवला की नेमकं परीक्षेच्या दिवशी दार बंद होतं. पोर्टलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, तेही आत्ताच बघा. दुरुस्तीला कागदपत्रं आणि वेळ लागतो.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि एसएसडी हे सामान्य विषयांना पुरतं; डेटा विश्लेषण, डिझाइन किंवा प्रोग्रॅमिंग असेल तर १६ जीबी घ्या. रॅमपेक्षा जास्त घात करतात ते दोन प्रश्न, जे कोणी विचारत नाही. पहिला, लॅपटॉप ऑफिसचा आहे का? त्यावर सॉफ्टवेअर टाकायचा अधिकार तुम्हाला नसतो, व्हीपीएन बंद करता येत नाही, आणि कॅमेऱ्याने देखरेख करणारं परीक्षा-सॉफ्टवेअर ऑफिसची सुरक्षा यंत्रणा अडवते. नोटा काढायला तो चालेल, परीक्षेला धरून चालू नका. दुसरा, यंत्र टॅब्लेट, क्रोमबुक किंवा लिनक्सवर चालणारं आहे का? असेल तर विषयाला लागणारं प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते एकेक करून तपासा. उदाहरणार्थ, ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये संख्याशास्त्राच्या विषयांना लागणारा ॲनालिसिस टूलपॅक नाही, आणि परीक्षेत बाकी सगळं बंद ठेवणारा सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅड-आयफोनसाठी आहे, लिनक्ससाठी नाही.

हेडसेट साधा, वायरचा असला तरी चालेल, पण हवाच. लॅपटॉपच्या स्पीकरमधला आवाज माइकमध्ये परत गेला की सगळ्या वर्गाला प्रतिध्वनी ऐकू येतो.

नेटच्या बाबतीत जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो. थेट वर्गात तुम्ही बोलता, कॅमेरा लावता, तेव्हा कामाला येतो तो अपलोड. झूमच्या माहितीनुसार ७२०पी दर्जाच्या गट-व्हिडिओला साधारण २.६ एमबीपीएस अपलोड आणि १.८ डाउनलोड लागतो. म्हणजे ५ एमबीपीएसचा स्थिर अपलोड मिळाला तरी काम होतं. मोजताना प्रत्यक्ष बसणार त्या जागेवर, प्रत्यक्ष वर्गाच्या वेळी, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. दुपारी राऊटरशेजारी उभं राहून मोजलेला आकडा कामाचा नाही.

आकडा चांगला असूनही आवाज तुटत असेल तर कारण सहसा घरातच सापडतं. फोनमधले फोटो नेमके तेव्हाच क्लाउडवर चढत असतात आणि सगळा अपलोड खाऊन टाकतात. किंवा लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असतो, जिथे शेजाऱ्यांचे सगळे राऊटर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, वेग जास्त, पण भिंती ओलांडताना तो लवकर दमतो. खोली लांब असेल तर सरळ नेटवर्क केबल टाका. वीज जाण्याची शक्यता असेल तर राऊटरला छोटा यूपीएस लावा. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो आणि राऊटर बंद पडलेला असतो, असं हमखास होतं. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आत्ताच एकदा जोडून बघा आणि व्हिडिओ वर्गाला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो हे धरून चाला.

फायलींसाठी विषयागणिक एक फोल्डर आणि एकच नावाची पद्धत: विषयाचा कोड, कामाचं नाव, तुमचं आडनाव, आवृत्ती. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशी नावं ठेवणारा माणूस कधी ना कधी चुकीची फाइल देतोच. प्रत लॅपटॉपवर, क्लाउडवर आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर. नुसता क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. कचरापेटीत ती ठरावीक दिवसच टिकते.

पोर्टलवर काम देण्याची रंगीत तालीम

हे मी सगळ्यात वरच्या कामांत धरतो, कारण इथे गेलेले गुण अभ्यासाशी संबंध नसताना जातात. बहुतेक संस्था सत्राआधी ओळखीचा छोटा कोर्स उघडतात. तो बघून सोडून देऊ नका, त्यात एक खोटी असाइनमेंट खरोखर देऊन बघा.

मूडल या अनेक संस्था वापरतात त्या पोर्टलवर फाइल चढवून जतन केली की काम झालं असं वाटतं. पण शिक्षकाने तशी सेटिंग ठेवली असेल तर ती 'मसुदा, अजून सादर नाही' याच अवस्थेत राहते. सादर करण्याचं वेगळं बटण दाबावं लागतं. म्हणून अपलोड झाल्यावर स्थितीची ओळ वाचा. मग पोर्टलवर चढलेली फाइल तिथूनच परत उघडा आणि शेवटचं पान बघा. चुकीची आवृत्ती, क्लाउडवर अजून पूर्ण न चढलेली अर्धी फाइल, कोरी पीडीएफ, हे सगळं इथे पकडलं जातं. पोचपावतीची मेल आली तर ती फोल्डरमध्ये ठेवा, नाही आली तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या.

फाइलच्या प्रकारातही गोची असते. मॅकवरची पेजेस फाइल शिक्षकांच्या विंडोज यंत्रावर उघडत नाही; वर्ड किंवा पीडीएफ करून द्या. आयफोनचे फोटो हाइक (HEIC) प्रकारात येतात आणि अनेक पोर्टल ते घेत नाहीत. हाताने सोडवलेली गणितं फोटो काढून एकेक चढवण्याऐवजी स्कॅनच्या ॲपमधून एकच पीडीएफ करा. ग्रेस्केल, २०० डीपीआय पुरतं आणि फाइल पोर्टलच्या मर्यादेत बसते. पानं उलटी-आडवी राहिली नाहीत ना, तेवढं बघा. तपासणाऱ्याला मान वाकडी करायला लावू नये.

क्विझमध्ये घड्याळ 'सुरू करा' दाबल्यावर चालू होतं आणि ब्राउझर बंद केला तरी थांबत नाही. क्विझ ६० मिनिटांची आहे, बंद होण्याची वेळ २३:५९ आहे आणि तुम्ही २३:३० ला सुरू केली, तर सहसा २९ मिनिटंच मिळतात. फोनवर क्विझ देऊ नका. एक फोन आला, ॲप मागे गेलं, की पान पुन्हा चढायला वेळ जातो. चर्चेची पोस्ट थेट पोर्टलच्या चौकटीत लिहू नका. लॉगिनची मुदत संपली तर 'पाठवा' दाबल्यावर लॉगिनचं पान येतं आणि मजकूर गायब. आधी गूगल डॉक्स किंवा वर्डमध्ये लिहा, मग चिकटवा.

टर्नइटिन, म्हणजे तुमचा मजकूर इतर लिखाणाशी जुळवून बघणारं सॉफ्टवेअर, वापरत असतील तर त्यातला साम्याचा टक्का म्हणजे चोरीचा टक्का नव्हे. संदर्भसूची, अवतरणं आणि प्रश्नपत्रिकेतली वाक्यंही त्यात मोजली जातात. ३० टक्के निर्दोष असू शकतात आणि ८ टक्क्यांत अख्खा उचललेला परिच्छेद लपलेला असू शकतो. रंगवलेला भाग उघडून बघा. पुन्हापुन्हा फाइल बदलण्याची परवानगी असेल तरी तीन फेऱ्यांनंतर पुढच्या अहवालाला २४ तास लागतात. शेवटच्या रात्री अहवाल बघून सुधारू, हा बेत तिथे फसतो.

कॅमेऱ्यासमोरची परीक्षा

परीक्षा-सॉफ्टवेअरची चाचणी दोन दिवस आधी करा आणि त्यानंतर यंत्रावर कोणतंही अपडेट घेऊ नका. दुसरा मॉनिटर काढा, व्हीपीएन बंद करा, दूरून लॅपटॉप चालवण्याची आणि स्क्रीन रेकॉर्ड करण्याची ॲप्स नुसती बंद न करता पार्श्वभूमीतूनही थांबवा. ती चालू राहिली की परीक्षा-सॉफ्टवेअर पुढेच जाऊ देत नाही. उजेड समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो आणि ओळख पटत नाही. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आत्तापासून मोडा, आवाजाची नोंद संशयास्पद म्हणून होते. कच्चं लिहायला कोरा कागद चालतो की नाही, हे प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं.

मध्येच नेट गेलं तर पहिलं काम म्हणजे फोनने पडद्याचा फोटो, पण फोनला बंदी असेल तर आधी परत जोडायचा प्रयत्न करा आणि वेळ कागदावर लिहा. मग तांत्रिक मदतीकडून तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच तासात शिक्षकांना मेल करा. दुसऱ्या दिवशी केलेली तक्रार आणि निकालानंतर केलेली तक्रार यांत समोरच्याला फारसा फरक वाटत नाही.

अभ्यास कसा बसवायचा

रेकॉर्ड केलेलं व्याख्यान कधीही बघता येतं, आणि म्हणूनच ते तुंबतं. दोन दिवसांत बघायचा नियम ठेवा. दीडपट वेगाने बघितलं तर बिघडत नाही, पण सलग बघू नका. १० मिनिटांनी थांबवा, नोटा झाका आणि आत्ता काय सांगितलं ते तीन ओळींत आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवडाभराने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सरासरी ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं. पुन्हा वाचताना समजल्यासारखं वाटतं, गोम तिथेच आहे. पिवळ्या पेनाने रंगवण्याबद्दलही हेच.

पुस्तक घेण्याआधी आवृत्ती आणि आयएसबीएन जुळवा. पुस्तकासोबत गृहपाठाच्या वेबसाइटचा कोड येत असेल तर जुनं पुस्तक स्वस्त पडत नाही, कारण कोड वापरून झालेला असतो. ग्रंथालयाचं घरबसल्या लॉगिन चालतं का ते सत्राआधी बघा. शोधनिबंधाला पैसे मागणारं पान दिसलं की खिशात हात घालण्याआधी तोच निबंध ग्रंथालयाच्या पानावरून शोधा. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यातच टाकून घ्या. त्याने केलेली संदर्भसूची मात्र डोळ्यांखालून घाला. नावांची आद्याक्षरं आणि शीर्षकातली लहान-मोठी अक्षरं तो मूळ नोंदीत जशी असतील तशी उचलतो.

शिक्षकांना मेल

ऑनलाइन शिक्षकाकडे एकाच वेळी अनेक वर्ग असतात. 'सर, मला असाइनमेंट समजली नाही' या मेलला उत्तर देण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यात दोन दिवस जातात. असं लिहा: विषयाच्या जागी कोर्सचा कोड आणि 'असाइनमेंट २, प्रश्न ३'. आत: 'सिलॅबसच्या पान ४ वर शब्दमर्यादा १,५०० आहे, पोर्टलवर १,२०० दिसते. मी १,२०० धरून चाललो आहे. यात बदल असेल तर कृपया गुरुवारपर्यंत कळवावे.' उत्तर आलं नाही तरी तुमचं काम थांबत नाही, आणि तुम्ही विचारलं होतं याची नोंद राहते.

अपंगत्व, दृष्टीदोष, डिस्लेक्सिया, दीर्घ आजार अशा कारणाने जादा वेळ किंवा इतर सोय लागत असेल तर सत्र सुरू होण्याआधीच अर्ज करा. मंजुरी मिळते त्या दिवसापासून सोय लागू होते, आधी झालेल्या परीक्षेला सहसा नाही.

गटाचं काम असेल तर पहिल्याच भेटीत एकच गप्पांची जागा, एकच सामायिक फाइल आणि प्रत्येकाचं नाव पुढे लिहिलेला भाग ठरवा. शेवटी सगळं एकत्र करून अपलोड कोण करणार हेही तेव्हाच. प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल.

पहिले दोन आठवडे

पहिल्या दिवशी लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली असं समजू नका. अनेक संस्था क्विझ, पोस्ट किंवा असाइनमेंट अशी अभ्यासाची कृती झाली तरच हजेरी धरतात, आणि पहिल्या आठवड्यात काहीच न केलेल्याचं नाव कमी करतात. ओळख करून देण्याची पोस्ट म्हणूनच टाळू नका.

विषय बदलण्याची, पूर्ण शुल्क परत मिळण्याची आणि विषय सोडण्याची अशा तीन वेगळ्या तारखा असतात. तिन्ही कॅलेंडरवर ठळक लिहा आणि पहिलीच्या दोन दिवस आधी तासांचा कागद पुन्हा काढा. आखलेल्या १६ तासांपैकी प्रत्यक्ष किती झाले? ८-९ झाले असतील तर पुढच्या आठवड्यात ते आपोआप दुप्पट होणार नाहीत. एक विषय तेव्हाच सोडलात तर बहुधा गुणपत्रिकेवर खूणही राहत नाही.

मागे पडलात तर तुंबलेलं सगळं ओळीने भरत बसू नका. या आठवड्याचं काम आधी करा, मग जुन्यातलं ज्याला अजून गुण मिळू शकतात ते, टक्केवारीच्या क्रमाने. ज्याची मुदत संपून शून्य पडलंय त्यातलं फक्त पुढच्या धड्याला लागेल तेवढं वाचा. आणि तरीही विषय झेपणार नाही असं दिसलं, तर शिक्षकांना आणि सल्लागाराला विचारून शेवटच्या तारखेआधी विषय सोडण्याचा अर्ज भरा. नुसतं लॉगिन बंद केल्याने विषय सुटत नाही. नाव पटावर राहतं, न दिलेल्या प्रत्येक कामाला शून्य पडतं आणि सत्राअखेर गुणपत्रिकेवर नापास उमटतं, शुल्क भरलेलं असतं ते वेगळंच.